गाडीपुढचा हात

१

मंगळवारी आणि शुक्रवारी डोंगरावरच्या टॉवरच्या जनरेटरला डिझेल पोचवायचं, हे काम पैलवानच्या घरात पस्तीस वर्षं होतं. पैलवान म्हणजे कोणी दांडगा गडी नव्हे. चाळिशीला टेकलेली, पंचेचाळीस किलोची बाई होती ती. सहा वर्षांची असताना डिझेलचा भरलेला कॅन उचलायला गेली आणि कॅनसकट पालथी पडली, त्या दिवशी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे ती खरोखरच असे कॅन दोन्ही हातांत दोन घेऊन चालायला लागली, तरी हसणारे हसतच राहिले.

टॉवरचा रस्ता आपला म्हणायला रस्ता. खडीच्या खाणीसाठी कधीतरी फोडलेला आणि खाण संपल्यावर तसाच टाकून दिलेला. त्यावर साधी गाडी चढत नाही. पैलवानची जीप चढायची, पण शेवटच्या चढाला एक अडचण होती. चढ संपतो तिथे गाडीचं नाक इतकं वर होतं, की काचेतून फक्त आभाळ दिसतं. पुढची दहा-बारा फूट जमीन बॉनेटमागे झाकून जाते, आणि नेमका त्याच दहा-बारा फुटांत रस्ता एकदम डावीकडे वळतो. डावीकडे खडकाची भिंत, समोर आणि उजवीकडे कडा.

अशा जागी गाडीपुढे माणूस चालतो. तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे, उलट्या पावलांनी, हाताने खुणा करत. ये, थांब, वळव. ड्रायव्हरने आभाळाकडे बघायचंच नाही, त्या हाताकडे बघायचं. अण्णा आयुष्यभर असे पुढे चालले, शेवटची पंधरा वर्षं मुलीच्या गाडीपुढे.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून पैलवान वळणाच्या अलीकडे गाडी थांबवायची, उतरून पुढे जायची, स्वतःच रचलेले खुणेचे दगड बघून यायची आणि अंदाजाने गाडी चढवायची. हे टॉवरच्या कंपनीला कळलं आणि पत्र आलं. गाडीपुढे चालायला माणूस ठेवा, नाहीतर समोर कॅमेरा बसवून घ्या. महिनाअखेरपर्यंत यातलं एकही झालं नाही, तर काम दुसऱ्याला.

तिचा मोठा भाऊ, दादा, म्हणाला की माणूस बघू, मी बघून देतो. पैलवानने पत्राची घडी केली आणि खिशात घातली.

"माझ्या गाडीपुढे आता कोणी चालायचं नाही," ती म्हणाली. "कॅमेरा बसेल."

२

ती असं का म्हणाली, हे दादाला माहीत होतं. त्याला पटत नव्हतं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी, एका साध्यासुध्या सकाळी, अण्णा नेहमीसारखे पुढे चालत होते. गाडीचं नाक वर आलं तसे आधी त्यांचे पाय बॉनेटमागे गेले, मग पोट, मग डोकं. राहिला फक्त वर केलेला हात. तो हात म्हणाला, ये. पैलवानने गाडी पुढे घेतली. नाक खाली झालं, जमीन दिसली, आणि जमिनीवर कोणी नव्हतं.

अण्णा कड्याखाली सापडले. बंपरवर ओरखडासुद्धा नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं की उलटं चालताना पाय घसरला. लोक मात्र कुजबुजले की पोरीने घाई केली, म्हातारा मागे सरकता सरकता गेला. पैलवान प्रत्येकाला एकच सांगत राहिली. हाताने बोलावलं, म्हणून मी आले.

आणि इथे एक खोच होती. अण्णांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अडकलेली गाडी ओढायच्या विंचच्या दोरात गेलेलं. ते खुणा नेहमी त्याच हाताने करत. म्हणत, पोरी, हा हात जगात दुसऱ्या कोणाचा नाही, ओळखायला चुकणार नाहीस. अण्णांचं तोंड गाडीकडे, म्हणजे त्यांचा डावा हात पैलवानला काचेत उजवीकडे दिसायचा. पंधरा वर्षं उजवीकडेच दिसला. पण त्या दिवशी जो तीन बोटांचा हात तिला बोलावत होता, तो काचेत डावीकडे होता.

हे तिने दादाला सांगितलं, आणि तिथेच तिचं म्हणणं बुडालं. हात डावीकडे असूच कसा शकतो, दादा म्हणाला. तुला बाजू धड आठवत नाही, मग हात 'ये' म्हणत होता की 'थांब', हे तरी काय आठवत असणार? घाबरल्यावर माणसाला डावं-उजवं कळत नाही.

पैलवानने मान खाली घातली नाही, पण त्या दिवसापासून ती स्वतःलाच विचारत राहिली. कॅन भरताना, भांडी घासताना, गाडीखाली आडवी पडून बोल्ट आवळताना. हात डावीकडे होता. नक्की होता. मग मी चुकले कुठे?

३

कॅमेरा बसवायला फ्यूजकाका आले. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण जरा मनाविरुद्ध झालं की उडायचे, म्हणून हे नाव. अण्णांचे जुने दोस्त. पैलवानला लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे तिच्यावर उडायचा त्यांना खास हक्क होता.

पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी केली. फ्यूजकाकांनी पुढची जाळी काढली, बंपरच्या मधोमध भोक पाडलं, सुपारीएवढा कॅमेरा त्यात बसवला. वायर इंजिनाच्या कडेकडेने, गरम भागांना न चिकटता, रबरी टोपीतून आत केबिनमध्ये आणली. डॅशबोर्डवर स्क्रीन लावली, तीही काकांच्या दुकानातली, वापरलेली. पैलवान शेजारी बसून टेप कापून देत होती आणि प्रत्येक जोड स्वतः ओढून बघत होती. काका म्हणाले, माझ्या कामावर विश्वास नाही का? ती म्हणाली, तुमच्यावर आहे, वायरीवर नाही.

बाजारात पुढचा कॅमेरा मिळाला नव्हता. मिळाला तो मागे लावायचा. काकांनी वायरीतून बाहेर आलेला पांढरा लूप, बोटाच्या पेराएवढा वायरीचा फेरा, तिला दाखवला.

"मागचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो, डावीकडचं उजवीकडे. रिव्हर्स घेताना तेच सोयीचं. पुढे लावला की हा लूप कापायचा, चित्र सरळ होतं."

"मग कापा की."

"आधी चालतोय का बघू दे. कापलेला माल दुकानदार परत घेत नाही. टेस्ट झाली की शेवटी कापायचा, पद्धत आहे ती."

आणि त्यांनी कटर डॅशबोर्डवर, लूपच्या जवळच, आठवणीने ठेवला.

४

पैलवान ड्रायव्हरच्या सीटवर बसली. काका गाडीपुढे जाऊन उभे राहिले. तिने बटण दाबलं. स्क्रीन आधी निळी झाली, मग तिच्यात काकांचं पोट आलं, मग ते मागे सरकले तसे सगळे काका आले. त्यांच्या मागे शेडचा मोकळा भाग, मधला लोखंडी खांब आणि पलीकडे पत्र्याचा बंद दरवाजा. कुठे एक अक्षर नाही, पाटी नाही, नुसता पत्रा. चित्र स्वच्छ होतं. काकांनी अंगठा दाखवला, तिने हॉर्न दिला. काका हात धुवायला नळावर गेले.

स्क्रीनमध्ये दरवाज्यापाशी एक माणूस उभा होता.

पैलवानने काचेतून बघितलं. दरवाजा बंद, कडी आतून लावलेली, समोर कोणी नाही. तिने स्क्रीनकडे बघितलं. माणूस होता. चेहऱ्याच्या जागी पत्र्याची चमक येत होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. एक हात वर होता. नळाचं पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात ती एकेक बोट मोजत बसली. तीन होती.

हात उजवीकडे होता. स्क्रीनच्या उजव्या बाजूला, पंधरा वर्षं जिथे दिसला तिथेच. हे लक्षात आलं तशी पैलवानला भीती वाटायच्या ऐवजी रडू आलं. तो हात हळूच बोटं आत घेत होता. ये. ये.

तिने काकांना हाक मारली. काका ओल्या हातांनी आले, खिडकीतून डोकं आत घालून स्क्रीन बघितली. मग म्हणाले की लेन्सवर डाग आहे. पुढे गेले, वाकले आणि सदऱ्याच्या बाहीने कॅमेरा पुसला. स्क्रीनभर त्यांची बाही झाली. ते बाजूला झाले तेव्हा दरवाज्यापाशी कोणी नव्हतं. माणूस आता खांबापाशी होता, निम्म्या अंतरावर. हात तसाच.

"गेला का डाग?" काकांनी विचारलं. ते त्याच जागेत, त्या खांबाच्या दोन हात अलीकडे उभे होते.

"काका, इकडे या. लवकर."

काकांनी येऊन बघितलं आणि स्वतःच बटण बंद केलं. जुनी स्क्रीन आहे, चित्राची छाप राहते, ते म्हणाले. कोणाची छाप, ते मात्र म्हणाले नाहीत. अवजारं पिशवीत कोंबली, पिशवीची चेन लागेना तर तशीच उचलली, आणि बाकीचं उद्या बघू म्हणत निघाले. उद्या ते आले नाहीत, परवाही नाही. कटर डॅशबोर्डवर तसाच पडून होता.

पैलवान शेडमध्ये एकटी बसून राहिली. तिचं डोकं वकिलासारखं दोन्ही बाजूंनी भांडत होतं. छाप म्हणावी तर छाप जागा बदलत नाही. डाग म्हणावा तर डागाला बोटं नसतात. आणि अण्णा म्हणावेत, तर आपण तर सांगून बसलो आहोत की गाडीपुढे कोणी चालायचं नाही. पण अण्णांना त्यात धरायचं का? 

५

दादाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि संध्याकाळी तो जीप बघायला आला तेव्हा सगळं सांगून टाकलं.

दादा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "दोन वर्षांनी हात बरोबर बाजूला आला म्हणायचा."

 पैलवानला वाटलं, पाना उचलावा आणि स्क्रीन फोडावी, नाहीतर याचं डोकं. तिने दोन्ही केलं नाही. दादा तिचं वाईट चिंतणारा नव्हता, हीच तर पंचाईत. गाडी विक, शहाण्यासारखी घरी बस, अण्णा गेले ते गेले, तू तरी राहा, असं तो अगदी मनापासून म्हणायचा, आणि त्याच्या त्या मनापासून म्हणण्यात दरवेळी हेही असायचं की चूक तुझीच होती, पण आम्ही तुला माफ केलंय.

"शुक्रवारी मी बरोबर येतो," तो म्हणाला. "वळण एकदा तुझ्या या कॅमेऱ्यावर चढून दाखव. पाय जरा जरी थरथरला तर चावी माझ्याकडे द्यायची. कबूल?"

"कबूल. आणि नाही थरथरला तर?"

"तर मी पुन्हा या गाडीबद्दल बोलणार नाही."

"माझ्याबद्दल पण बोलायचं नाही," पैलवान म्हणाली. "त्या दिवसाबद्दल."

दादाने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला कळलं नाही.

६

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते निघाले. आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, पाऊस नाही, सगळीकडे राखाडी उजेड. मागे डिझेलचे कॅन एकमेकांवर आपटत होते. दादा डावीकडच्या सीटवर, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि आपण घाबरलेलो नाही हे दाखवायला अखंड बोलत होता. टायर जुने झालेत, क्लच वास मारतोय, ही सीट नक्की बोल्टने बसवलीय की नुसती ठेवलीय.

खालच्या चढांवर पुढचं सगळं काचेतूनच दिसतं, तिथे कॅमेरा लागत नाही. पैलवानने स्क्रीन बंद ठेवली होती. शेवटचा चढ आला. तिने पहिला गिअर टाकला, फोर-व्हील लावलं, आणि गाडी खडखडत वर निघाली. वर धुकं उतरलेलं होतं. काचेतून हळूहळू झाडांचे शेंडे खाली गेले आणि नुसतं पांढरं आभाळ राहिलं. तिने बटण दाबलं.

निळं. मग दगडधोंडे. मग रस्ता, अगदी जवळचा, ओलसर, टायरच्या जुन्या खुणांसकट. आणि त्याच्या पुढे, धुकं सुरू होतं तिथे, बरोबर समोर, माणूस.

दादाचं बोलणं मध्येच तुटलं.

तीन बोटांचा हात वर होता, उजवीकडे. बोटं आत आली. ये.

"अण्णा," दादा म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण आवाज आठ वर्षांच्या मुलाचा आला.

गाडी इंच इंच पुढे सरकत होती. स्क्रीनवरचा रस्ता उजवीकडे वळत होता आणि नजर जाते तिथेच ड्रायव्हरचे हात जातात, तसं पैलवानचं स्टिअरिंग उजवीकडे फिरायला लागलं होतं. तिला त्याची जाणीव नव्हती. तिच्या मनात एवढंच होतं की हात बरोबर बाजूला आहे, दादालाही दिसतोय, आणि आपण वेड्या नाही. दोन वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेजारी खट् आवाज झाला. दादाने सीटचा पट्टा सोडला होता.

"ते बोलावतायत," तो म्हणाला. "मी उतरतो. मी पुढे होतो, तू हळूहळू ये माझ्यामागून."

तो दरवाजा उघडायला वळला, आणि 'पुढे होतो' हे शब्द पैलवानच्या कानात शिरले. माझ्या गाडीपुढे. तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि दादाच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला. तेव्हा कुठे तिने स्क्रीनवरचं बाकीचं चित्र बघितलं.

खडकाच्या भिंतीवर कंपनीची लाल पाटी होती. 'थांबा. हॉर्न द्या.' इतकी वर्षं ती पाटी डावीकडच्या भिंतीवर होती. स्क्रीनवर भिंत उजवीकडे होती, पाटीही उजवीकडे होती, आणि पाटीवरची अक्षरं उलटी होती.

७

"सोड," दादा म्हणाला. एक पाय त्याने बाहेर टाकला होता.

"दादा, पाटी वाच."

"सोड मला, ते थांबलेत."

"पाटी वाच म्हणते ना!"

दोन वर्षांत ती त्याच्यावर ओरडली नव्हती. दादाने बघितलं. ओठ हलवत वाचायला गेला आणि अडकला.

"अक्षरं उलटी आहेत," तो म्हणाला.

"काकांचा लूप कापायचा राहिला. सगळं चित्र उलटं आहे. रस्ता डावीकडे वळतो, इथे उजवीकडे दिसतोय." तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. "मग हात कुठल्या बाजूला आहे?"

 दादाने बाहेर टाकलेला पाय हळूच आत घेतला.

पैलवानने स्टिअरिंगकडे बघितलं. ते कड्याच्या दिशेने अर्धा वळसा फिरलेलं होतं. ते पाहून तिला राग आला. असा राग, की त्यापुढे भीतीला बसायला जागा राहिली नाही. हा जो कोणी होता, तो तिच्यापुढे तिच्या बापाचा हात नाचवत होता. तिने डॅशबोर्डवरचा कटर उचलला, पांढरा लूप बोटावर घेतला आणि कापला.

स्क्रीन क्षणभर काळी झाली. परत आली तेव्हा भिंत डावीकडे होती, रस्ता डावीकडे वळत होता आणि पाटी स्वच्छ वाचता येत होती. माणूस तिथेच होता, समोर. हात आता डावीकडे होता. त्या दिवशी काचेत होता, तिथेच.

वाऱ्याने धुकं थोडं हललं. त्याच्या पायांखाली जमीन नव्हती. रस्ता अलीकडेच वळून गेला होता आणि तो पलीकडे, कड्याच्या बाहेर, उभा होता.

दोघं बघत असतानाच वर केलेला हात थांबला. जणू काहीतरी चुकलंय हे त्याच्या लक्षात आलं. तो हात सावकाश खाली गेला, आणि दुसरा वर आला. त्यालाही तीनच बोटं होती. बोटं आत आली. ये.

 दादाने दरवाजा ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"उशीर केलास," पैलवान स्क्रीनकडे बघून म्हणाली. "आधी नीट शिकून यायचं होतंस."

पाटीवर लिहिलं होतं तसा तिने हॉर्न दिला. दिला तो सोडलाच नाही. डाव्या हाताने हँडब्रेक खाली केला, आणि उजव्या हाताचा कोपर हॉर्नवर तसाच ठेवून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी किंचाळत वर चढली, नाक खाली आलं, भिंत डावीकडून सरकायला लागली. उजव्या खिडकीबाहेर धुकं होतं. खिडकीच्या काचेवर बाहेरून काहीतरी हलकेच घासत गेलं, पुढून मागे, एकाच वेगात, तीन ठिकाणी. पैलवानने उजवीकडे बघितलं नाही. तिचा पाय ब्रेकवर गेला नाही आणि थरथरला तर मुळीच नाही.

८

टॉवरपाशी दोघांनी कॅन उतरवले. जनरेटरच्या टाकीत डिझेल ओतताना दादाच्या हातून बरंच सांडलं. एरवी पैलवान त्याला टोमणा मारायची, आज तिने नुसतं फडकं दिलं. तो टाकीचं झाकण पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"त्या दिवशी हात डावीकडेच होता," तो शेवटी म्हणाला. "तुझं बरोबर होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी ती दोन वर्षं थांबली होती, आणि ऐकल्यावर तिला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. कारण त्याच वेळी तिला दुसरंही कळलं. बोलावणारा हात डावीकडे होता, तर अण्णांचा खरा हात उजवीकडे, बॉनेटच्या मागे कुठेतरी असणार. तो काय म्हणत होता, ते तिला कळून चुकलं. थांब. ती जनरेटरच्या भिंतीला टेकून रडली, मोठ्याने, आणि दादा शेजारी फडकं घेऊन उभा राहिला.

"दोन वर्षं लागली तुला," डोळे पुसत ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाला.

उतरताना वळणावर स्क्रीन रिकामी होती. उजव्या खिडकीवर तीन रेघा होत्या. खाली पोचल्यावर दादाने त्या आतून पुसायचा प्रयत्न केला, पण त्या बाहेरून होत्या.

त्याने गाडीबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. एकदाच, जीपमधून उतरताना, म्हणाला की कॅमेरा तेवढा काढून टाक. फ्यूजकाकाही येऊन तेच म्हणाले, खाली मान घालून, लूप राहिल्याबद्दल दहादा माफी मागून. पैलवानने दोघांनाही नाही म्हटलं. कॅमेरा काढला तर समोर काय आहे ते मला कसं कळणार, ती म्हणाली, आणि काकांना एक रबरी टोपी पुन्हा नीट बसवायला लावली.

मंगळवारी ती एकटी गेली. ऊन स्वच्छ होतं, धुक्याचा पत्ता नव्हता. शेवटच्या चढावर काचेत आभाळ भरलं आणि तिने बटण दाबलं.

तो होता. या वेळी रस्त्यावर उभा होता, पायांखाली घट्ट जमीन. हात स्क्रीनच्या उजव्या बाजूला. डावा हात, तीन बोटांचा, अगदी बरोबर. मान अण्णांसारखी एका बाजूला झुकलेली. शर्टाच्या खिशात त्यांची टायरचा दाब मोजायची नळी, तिच्या टोकाला पैलवाननेच गुंडाळलेला निळा टेप. पाटीवरची अक्षरं सरळ होती. तिने दोनदा वाचली. कुठेही काही चुकलेलं नव्हतं.

बोटं आत आली. ये.

पैलवानने हँडब्रेक ओढून गाडी धरून ठेवली आणि पुष्कळ वेळ बघितलं. शोधून शोधून तिला एक खोट सापडेना. मग तिच्या लक्षात आलं की खोट शोधायची गरजच नाही.

"अण्णा असाल तर बाजूला व्हा," ती म्हणाली. "नसाल तरी बाजूला व्हा. माझ्या गाडीपुढे कोणी चालायचं नाही."

तिने हॉर्नवर हात ठेवला आणि पहिला गिअर टाकला.